गुडघे गेलेत, अक्कल गेलेली नाही

लेकीने तिकीट पाठवलं. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला नातवंडांसोबत जायचं ठरलं. तिने फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, तिथे बॅटरीची स्कूटर भाड्याने मिळते, घेऊ या का?" आणि तू तिच्यावर खेकसलास. "मी काय लुळापांगळा झालोय का?"

हे शब्द तुझे? माझ्या वर्गात बसलेल्या माणसाचे? पायाने अधू असणं ही शिवी कधीपासून झाली रे? ज्यांना रोज खुर्चीवरच फिरावं लागतं, त्यांच्यासमोर बोलशील का हे वाक्य? नाही ना? मग लेकीसमोर का बोललास?

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला अ‍ॅक्टिव्हा कोण काढतं? तू. सप्तशृंगी गडावर 2018 मध्ये ट्रॉली सुरू झाली, त्यानंतर त्या सुमारे 500 पायऱ्यांकडे ढुंकून तरी पाहिलंस का? अजिंठ्याला चार जणांनी तुझ्या आईला डोलीच्या खुर्चीतून लेण्यांपर्यंत नेलं, तेव्हा तिची अब्रू गेली होती का? उलट आईला सगळं दाखवलं म्हणून गावभर सांगत फिरलास. आईला डोली शोभते, तुला ट्रॉली चालते, अ‍ॅक्टिव्हाशिवाय तुझं पान हलत नाही. मग ऑरलँडोच्या स्कूटरनेच तुझं काय घोडं मारलंय? आणि तिथे तुला ओळखतं कोण? डिस्नेच्या बागांमध्ये असल्या स्कूटरवर शेकडो माणसं फिरतात. कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." हो, सांगितलंय. मेहरूण तलावाला सकाळी फेरी मारायला सांगितलंय. पलंगावर पडून पाय सरळ उचलायचा व्यायाम सांगितलाय, मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो म्हणून. यातलं काय केलंस? काही नाही. तलावाचं नाव काढलं की गुडघा दुखतो, आणि सिमेंटच्या रस्त्यांवर दिवसभर तंगडतोड करायची म्हटली की तोच व्यायाम होतो! कोणाला बनवतोस? मला तर नाहीच.

"जळगावच्या 45 अंशांत वाढलोय, ऊन मला काय करणार?" त्या उन्हात तू कुठे असतोस ते माहीत आहे मला. अकराच्या आत घरात, कूलरसमोर. आणि तिथे नुसतं ऊन नाही, चालणंही आहे. डिस्नेची एपकॉट नावाची एक बाग आहे. तिथे तळ्याभोवती 11 देशांची दालनं मांडली आहेत. नुसता तो वळसाच सुमारे 2 किलोमीटरचा. तळ्यापर्यंत पोहोचायचं चालणं वेगळं, रांगेत उभं राहणं वेगळं. अशा 4 बागा आहेत. तुझा गुडघा पहिल्या दुपारी बसेल. मग तू काय म्हणशील तेही मी आत्ताच सांगतो. "मी बसतो इथे, तुम्ही जाऊन या."

हे वाक्य तुला फार सोशिकपणाचं, मोठ्या मनाचं वाटतं. ते तसं नाही. केवडियाला काय झालं? नंदुरबार, राजपिपळा करत घरचे सगळे गेले होते. सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा समोर उभा, आणि तू अर्ध्या वाटेत बाकावर. चाकाच्या खुर्चीची चौकशीसुद्धा करू दिली नाहीस. तुला एकट्याला सोडवेना म्हणून बायको शेजारी बसून राहिली. आयुष्यभर तुझ्या तालावर चाललेली बाई, तिने सरदारांना लांबूनच हात जोडले. पोरं आत गेली ती घाईघाईने परत आली, कारण आजोबा उन्हात. सांग, कोणाची सहल वाचवलीस? तू बाकावर बसतोस तेव्हा एकटा बसत नाहीस. अख्खं घर बसवतोस. वर म्हणायचं, माझा कोणाला त्रास नको!

आणखी एक पळवाट उरली असेल. "खऱ्या गरजूला लागेल ना." जिना उतरताना कठड्याला लटकणारा माणूस गरजू नाही, तर कोण?

1968 मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅलन थीम या माणसाने अशी बॅटरीची स्कूटर बनवली. घरच्या माणसाला आजाराने चालता येईना म्हणून. तो काही मोठा शास्त्रज्ञ नव्हता, नळजोडणीचा व्यवसाय होता त्याचा. घरचं माणूस घरातच कुजू नये म्हणून त्याने एवढा खटाटोप केला. तुला तर काही बनवायचं नाही. लेक भाडं भरतेय. तुला फक्त बसायचंय. तेवढंही होत नाही?

बसलास की मात्र नीट बस. वेगाच्या खटक्यावर एका टोकाला कासव असतं, दुसऱ्या टोकाला ससा. गर्दीत काटा कासवाकडेच ठेव. मागे घेताना आधी वळून बघ. नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, कितीही रडला तरी. डिस्नेचा नियम आहे, एका गाडीवर एकच माणूस, आणि चालवणारा 18 वर्षांपुढचा. स्कूटर आहे म्हणून रांग मोडायला मिळेल असंही समजू नकोस.

बागेतली स्कूटर फाटकाबाहेर नेता येत नाही आणि आगाऊ राखूनही ठेवता येत नाही. आधी येईल त्याला मिळते. आठला उठून नुसता चहा ढोसत बसलास तर हात चोळत उभा राहशील. लेकीला आज रात्रीच फोन कर. खेकसलास त्याबद्दल आधी माफी माग, मग सांग, "घे स्कूटर." आणि निघायला अजून अवकाश आहे. उद्या सकाळी मेहरूणला दिसला पाहिजेस.