बावखलाच्या काठावर

गेली दोन वर्षं मला एकच स्वप्न पडतं. आमच्या वाडीतलं बावखल. वसईबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी खणून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं. स्वप्नात त्यावर हिरवंगार शेवाळ असतं आणि मधोमध माझा थोरला भाऊ, गळ्यापर्यंत बुडालेला, एक हात वर. मी काठावर उभा राहून 'नमो मारिया' सुरू करतो आणि त्या दोन शब्दांपुढे मला काही म्हणजे काही आठवत नाही. जपमाळेत ही प्रार्थना ५३ वेळा येते. कळायला लागल्यापासून रोज म्हणतोय. आणि ऐन वेळी घशात अडकते! जाग येते तेव्हा घड्याळात तीन वाजलेले असतात.

दादा बुडून गेला नाही. तो हृदयविकाराने गेला.

खरं सांगतो, पहिले काही महिने मला भीतीपेक्षा राग जास्त आला. आमच्या घरात संध्याकाळी घंटा झाली की रोजरी, झोपताना क्रुसाची खूण, रविवारची मिस्सा कधी चुकली नाही. पावसात लाइट गेली तर मेणबत्तीवर रोजरी होते. मग हे काय? इतकी वर्षं विम्याचे हप्ते भरावेत आणि क्लेम मात्र नामंजूर व्हावा, तसं वाटायला लागलं. शेजारच्या काकींनी उशाखाली झावळ्यांच्या रविवारचा क्रूस ठेवायला सांगितला. ठेवला. गालाला टोचायचा. आणखी कुणी म्हणालं, झोपण्याआधी रोजरीतली दुःखाची रहस्यं म्हणू नका. ती मंगळवारी नि शुक्रवारी असतात. स्वप्न काही वार बघून येत नव्हतं.

शेवटी कन्फेशनला गेलो. म्हटलं, "फादर, मी रोज रात्री भावाला बुडू देतो."

फादर म्हणाले, "झोपलेल्या माणसाला मी काय प्रायश्चित्त देऊ? पापाला संमती लागते. झोपेत ती मागणार कोण, देणार कोण?" हे काही त्यांच्या पदरचं नव्हतं. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच मांडलंय: झोपेत विवेक मोकळा नसतो, म्हणून तिथे जे घडतं ते पाप नव्हे. त्यांच्याही कितीतरी आधी संत ऑगस्टिन, स्वतः बिशप असताना, आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात कुरकुरतात की जागेपणी जी चित्रं मी दूर ठेवतो ती झोपेत मला गाठतात. बिशपांची ही गत, तिथे माझी काय कथा!

मी उठायला लागलो तेव्हा फादर म्हणाले, "स्वप्न राहू दे. भाऊ गेला त्या दिवसाचं सांग."

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रोजरीतल्या प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग नेहमी दादा म्हणायचा, बाकीचे आम्ही दुसरा अर्धा. त्या दिवशी तो नि वहिनी मुलीकडे बोरिवलीला गेले होते, म्हणून पहिला अर्धा भाग पहिल्यांदाच माझ्याकडे आला. तिसरं रहस्य चाललेलं असताना टेबलावर फोन थरथरला. दादाचं नाव दिसलं. मनात म्हटलं, रोजरी झाली की करू. रोजरी झाली, जेवण झालं, बातम्या बघितल्या आणि मी विसरलो. रात्री अकराला दुसऱ्या नंबरवरून फोन आला.

फादर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "प्रायश्चित्त एकच. हे जाऊन वहिनीला सांग."

आठवडा घालवला नि गेलो. वहिनी वाल सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "केळीचे पैसे आले का, एवढंच विचारायचं होतं त्यांना. मीच म्हटलं, आता तिकडे रोजरी चालू असेल, ठेवा फोन." मग सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघांनी सगळे वाल सोलले.

इतकं झालं म्हणून स्वप्न थांबलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही थांबलं. कमी झालं. फादरांनीच डॉक्टरकडे पाठवलं आणि तिथे कळलं की रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, बीटा-ब्लॉकर म्हणतात त्यांना, काही जणांना अशी भयानक स्वप्नं पडतात. डॉक्टरांनी माझी गोळी बदलली. (तुम्ही मात्र हे ऐकून स्वतःहून गोळी बंद करू नका, जिवावर बेतेल.) त्यांनीच पुढे मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी मला दिवसाढवळ्या स्वप्न वहीत लिहायला लावलं आणि पुढचा भाग हवा तसा बदलून रोज दहा मिनिटं मनात घोळवायला सांगितलं. मला पोरखेळ वाटला. पण अमेरिकेत बॅरी क्राकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांबरोबर हीच तालीम तपासून पाहिली होती, तो अभ्यास २००१ साली छापून आला, आणि तालीम करणाऱ्यांची वाईट स्वप्नं खरोखर कमी झाली होती. मी लिहिलं: मी दोर टाकतो. दादा म्हणतो, "दोर कसला टाकतोस, कमरेएवढं तर पाणी आहे," आणि चालत बाहेर येतो. अगदी त्याचंच बोलणं. वहीत लिहिताना हसू आलं मला.

फादरांनी रात्रप्रार्थनेचं छोटं पुस्तकही दिलं होतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिला, त्यात दिवसाची बरीच स्तोत्रं वारागणिक बदलतात. झोपण्यापूर्वीची तीन मात्र रोज तीच. मला वाटतं, दमलेल्या माणसाला रात्री पानं उलटायला लावू नयेत, इतका साधा हिशेब त्यामागे असेल. या प्रार्थनेतल्या जुन्या लॅटिन गीतात तर स्वप्नांपासून आणि रात्रीच्या भासांपासून राखण्याची सरळ मागणीच होती. म्हणजे बघा, मठात राहून दिवसातून सात-आठदा प्रार्थना करणारी माणसंही शेकडो वर्षं रोज रात्री हे मागत होती. त्यांना वाईट स्वप्नं पडतच नसती तर मागितलं कशाला असतं? हे लक्षात आलं आणि माझा विम्याचा राग तिथेच ओसरला.

मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफाला स्वप्नं पडतात, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. ऊठ, मुलाला नि आईला घेऊन निघ: स्वच्छ आज्ञा. मला मात्र हल्ली येशूला मृत्युदंड देणाऱ्या पिलाताची बायको जवळची वाटते. तिचं नावही मत्तय सांगत नाही. येशूमुळे स्वप्नात तिने फार सोसलं. कुणी देवदूत आला नाही, काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. नवरा न्यायासनावर बसलेला असताना तिने एक निरोप तेवढा धाडला. निकाल बदलला नाही. पण निरोप तिने धाडला.

परवाच्या रात्री पुन्हा बावखल आलं. जाग आली, तीनला दहा कमी. उशाशी जपमाळ असतेच. अंधारात क्रूस चाचपडला आणि पहिला अर्धा भाग हळू आवाजात म्हटला. मग थांबलो. लहानपणापासूनची सवय, पहिल्या अर्ध्यानंतर थांबायचं. एकट्याने म्हणताना थांबायचं काही कारण नसतं.

पलीकडून झोपेतच, डोळे न उघडता, बायकोने दुसरा अर्धा भाग म्हटला आणि कूस बदलली.