कोतवाल बुक आणि साखरखेर्ड्याचा इतिहास

वऱ्हाडातील सिंदखेड राजा तालुक्यात असलेल्या साखरखेर्ड्याला इतिहासग्रंथांत स्थान मिळाले ते एका लढाईमुळे. ऑक्टोबर 1724 मध्ये निजामुल्मुल्काने येथे दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्या मुबारिजखानाचा पराभव केला, मुबारिजखान मारला गेला, दख्खनवरील दिल्लीची हुकमत नावापुरती उरली आणि विजेत्याने गावाला फतेहखेर्डा हे नाव दिले, जे लोकांच्या तोंडी काही रुळले नाही. ज्यांच्या शिवारात तोफा धडधडल्या त्या घरांशी मात्र तवारिखकारांना कर्तव्य नव्हते.

अशा घरांचा माग काढणे सगळीकडे सारखे अवघड नसते. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा दंडक 1538 मध्ये घालण्यात आला, त्यामुळे तेथील शेतमजुराचे घराणेही पुष्कळदा त्या एका वहीतून उलगडता येते. वऱ्हाडात असे एकच दप्तर नाही. वंशावळी त्र्यंबकेश्वरच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहेत, पण तेथे यात्रेची ऐपत आणि मुभा असलेल्यांचीच नावे सापडतात. महसुली कागदांत शेत ज्याच्या नावे तोच दिसतो. उरलेल्या गावाचा माग लागतो तो कोतवाल बुकात, म्हणजे 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यानंतरच्या काळात गावच्या कोतवालाकडून घेतल्या जाऊ लागलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदींत.

ही वही सर्वांना सारखे लेखते असे मात्र नव्हे. जन्माच्या रकान्यात तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. बारसे व्हायच्या आतच नोंद होत असल्याने बाळाचे नाव बहुधा नसते, आणि आईचा तर उल्लेखही क्वचितच. तरीही भूमिहीनाचे मरण तिने पाटलाच्या मरणाशेजारी लिहिले, आणि 1899-1900 चा दुष्काळ किंवा 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, यांनी एखाद्या गावातील कोणती घरे बुडवली हे शोधायचे तर तिच्याइतके जवळचे साधन दुसरे नाही.

आज ही पाने उघडली जातात ती मुख्यतः जातीच्या दाखल्यासाठी, आणि हवी ती ओळ सापडली की वही मिटली जाते. लढाईवर लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. आता या घरांसाठी गावातील शाळा-महाविद्यालयांनी, कागदाचा भुगा होण्यापूर्वी, निदान 1918 ची पाने तरी रीतसर परवानगी काढून उतरवून घ्यावीत.