न विचारता केलेला फोन

घरातील दूरध्वनी वाजला की हातातले काम टाकून धावावे, यात विचार करण्याजोगे काही आहे असे पूर्वी कोणास वाटत नसे. आज तरुण मुले आपणांस बजावतात, ‘आधी मेसेज करावा, मग फोन.’ वडीलधाऱ्यांना यात तुसडेपणा दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. समोरचा मनुष्य कामात असेल, रुग्णाच्या उशाशी बसला असेल. त्याची सवड विचारणे ही सभ्यताच होय. रीती तर बदलतच आल्या आहेत. १९९५ साली भारतात मोबाइल आला, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत, ते थेट २००३ पर्यंत. ‘सुखरूप पोहोचलो’ हे कळविण्यास एक मिस्ड कॉल पुरे होई आणि त्यात कोणी अपमान मानीत नसे.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविला गेलेला पहिला लघुसंदेश नाताळच्या शुभेच्छांचा होता. आनंदाच्या वार्तेला हे वाहन शोभते. दुःखाच्या प्रसंगी मात्र आम्ही स्वतःच चुकलो.

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या पत्नी वारल्या. आम्ही परगावी होतो. त्यांना त्रास नको म्हणून फोन न करता सांत्वनाच्या चार ओळी पाठविल्या, बायबलमधील एक वचनही जोडले. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या आणि आम्ही निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी मिस्सानंतर चर्चच्या आवारात ते भेटले. स्वरात राग नव्हता. एवढेच म्हणाले, “तुमचा फोन येईल म्हणून दोन रात्री तो उशाशी ठेवला होता.”

त्यांना त्रास नको, हे कारण खरे होते काय? पलीकडे ते रडू लागले असते तर काय बोलावे, हे आम्हांस सुचले नसते. खरे भय ते होते. लिहिताना शब्द खोडता येतात आणि दुसऱ्याचे रडणे ऐकावे लागत नाही. सवड विचारणारी सभ्यता आणि दुःखापासून पळणारा भित्रेपणा बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यांतला भेद पाठविणाऱ्यालाच ठाऊक असतो, तोही त्याने स्वतःशी कबूल केला तर.

त्या रविवारी आम्ही त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो. वाटभर ते बाईंच्या आजारपणाविषयी बोलत होते. आम्हांस फारसे काही बोलावे लागले नाही.