कशावरून?

जुनी प्रीमियर पद्मिनी घाट उतरून येते. उतारावर बराच वेळ ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. सपाटीला लागल्यावर चालक पाय दाबतो आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट बाहेर पडतो. मागून येणारा सांगून टाकतो, ‘इंजिन कामाला आलं.’ म्हणजे रिंगा, पिस्टन, बोअर, आणि मालकाच्या महिन्याभराच्या कमाईवर पाणी.

जाणता मिस्त्री मात्र आधी एक प्रश्न विचारतो. धूर घाट चढताना येत होता, की उतरल्यावर आला?

या प्रश्नावर सगळं ठरतं. उतारावर थ्रॉटल बंद असतो, पण चाकं इंजिनाला फिरवत राहतात. त्यामुळे सिलिंडरच्या वरच्या बाजूला जोराची ओढ तयार होते, आणि व्हॉल्व्हची गाइडं झिजली असतील तर तेल त्या फटीतून खाली खेचलं जातं. पाय दाबला की ते साठलेलं तेल एकदम जळतं. रिंगा गेलेल्या असतील तर गाडी चढावर, ओझ्याखाली धूर ओकते आणि ओकत राहते. रंग तोच, तेलही तेच, पण एका दुखण्याला फक्त हेड उतरवावं लागतं आणि दुसऱ्याला पूर्ण इंजिन.

जे डोळ्यांना दिसत नाही, त्याविषयी माणसाला खात्रीनं काही म्हणता येतं का? भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर शतकानुशतकं वाद झाला, आणि त्या वादाचं पहिलं उदाहरणच धुराचं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. न्यायदर्शन, म्हणजे अनुमानाची चिकित्सा करणारं शास्त्र, शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा डोंगर चढावाच लागतो. भीमाचार्य झळकीकरांनी या शास्त्राच्या परिभाषेचा ‘न्यायकोश’ रचला, तो १८७४ मध्ये मुंबईत निघाला. पुढं याच शहराच्या रस्त्यांवर हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी धूर सोडत धावल्या, आणि त्या धुरावरून अनुमान करणारे हात कुर्ला, ताडदेव, भायखळ्याच्या गॅरेजांत काम करत राहिले. पंडिताचं आणि मिस्त्रीचं काम एकच होतं, असं म्हणायला जागा आहे.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, धुराच्या उदाहरणात एक बारकावा टिपला होता. धूर तिथं आग, हे खरं. पण आग तिथं धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर निघायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. मोटारीच्या इंजिनात आग आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. चालत्या इंजिनात ती मिनिटाला हजारो वेळा पेटते. ठणठणीत गाडीत तिचा धूर दिसत नाही. म्हणून मिस्त्री धुरावरून आगीकडे जात नाही, ओल्या सरपणाकडे जातो. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त येतंय: चोक अडकला असेल, कार्बोरेटरच्या फ्लोटची पातळी चढली असेल किंवा एअर फिल्टर धुळीनं गच्च झाला असेल. निळा असेल तर तेल जळतंय. पांढरा आणि विरायला वेळ घेणारा असेल तर पाणी आत शिरतंय, बहुतेक हेड गॅस्केटमधून.

‘बहुतेक’ या शब्दावरच खरी लढाई झाली. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, प्रतिपक्ष एक टोकदार आक्षेप घेतो. नदी फुगली म्हणून वर पाऊस झाला असं तुम्ही म्हणता, पण कुणी बांध घातला तरी नदी फुगते. मग अनुमानावर विश्वास का ठेवावा? उत्तर असं की ते दोन पूर वेगळे असतात. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यातून पानं, फळं, लाकडं वाहत येतात. नुसतं वाढलेलं पाणी पाहून पावसाचा निष्कर्ष काढला, तर चूक अनुमानाची नाही, अनुमान करणाऱ्याची, असं भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट सांगतो.

पांढऱ्या वाफेला हेच लागू पडतं. थंडीतल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ ही आतल्या दमटपणाची असते आणि इंजिन तापलं की थांबते. गॅस्केट गेलेलं असेल तर ती थांबत नाही. शिवाय रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी घटत जातं, तेल दुधट होतं. तेल भरायच्या झाकणाखाली दिसणारा पांढरट साका मात्र फसवा असतो. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या निरोगी गाडीतही तो धरतो. म्हणून झाकण पाहून थांबायचं नाही, डिपस्टिक काढून पाहायची.

सगळ्यात मोठी फसगत मे महिन्यात होते. भर दुपारी, सिग्नलला उभी असलेली जुनी पेट्रोल गाडी बंद पडते. सेल्फ मारला तरी घेत नाही. चालक बॉनेट उघडतो, फडकं भिजवून इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर गुंडाळतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो. गाडी सुरू होते. निदान ठरून जातं की उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली होती, ओल्या फडक्यानं ती मोडली.

हे खरं असू शकतं. पंप इंजिनाला चिकटलेला असला की असं होतं. पण त्या पंधरा मिनिटांत फक्त पंप थंड झाला नाही, इग्निशन कॉइल थंड झाली, डिस्ट्रिब्यूटरवरचा कंडेन्सरही थंड झाला. गरम झाल्यावर करंट सोडायचं थांबवणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत चालणारी कॉइल हे जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. ज्या खुणेवरून दोन परस्परभिन्न निष्कर्ष निघतात, तिला न्यायशास्त्र ‘अनैकांतिक’ हेतू म्हणतं आणि पुरावा मानत नाही. मडकं घडलं त्याचं श्रेय माती वाहून आणणाऱ्या गाढवाला द्यायचं नाही, हेही ते बजावतं. ओलं फडकं पुष्कळदा ते गाढव असतं. मग मालक पंप बदलतो, पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा बंद पडते, आणि दोष कंपनीला, पेट्रोलला, नशिबाला दिला जातो.

निवाडा फक्त गाडी बंद पडलेली असतानाच होऊ शकतो. प्लगची वायर काढून करंट येतोय का ते पाहायचं. येत असेल तर पेट्रोलच्या मागं लागायचं, नसेल तर कॉइल आणि कंडेन्सरच्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते त्या घामाच्या क्षणी करावं लागतं.

रिंगा की व्हॉल्व्ह, या वादालाही असाच निवाडा आहे. कॉम्प्रेशन मोजायचं. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब चढला तर तेलानं रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते पाहायचं. अन्वय आणि व्यतिरेक या जड शब्दांचा अर्थ एवढाच आहे.

अनुमानाला प्रमाणच न मानणाऱ्या चार्वाकाचं म्हणणं तरीही उरतं. हजार गाड्यांत पाहिलं म्हणून एक हजार एकाव्या गाडीत तसंच असेल, याची हमी कुणी दिली? दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यानं या शंकेला सीमा आखली. शंका तोवरच धरावी, जोवर ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याशी विसंगत होत नाही. धूर हवा असला की जो आगच पेटवतो, त्याला आग आणि धूर यांच्या नात्याची शंका घेता येत नाही. हे उत्तर तर्कानं चार्वाकाला पुरं नमवतं असं नाही. पण काम करणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मधल्या पायऱ्या गाळून संशयावरून थेट निर्णयावर उडी मारणारा मिस्त्री सुटे भाग विकतो, गाडी दुरुस्त करत नाही.

नव्या गाड्यांत स्कॅनर आला, म्हणून हा प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं. स्कॅनर दोषाचा क्रमांक दाखवतो आणि तोच सेन्सर बदलला जातो. पण स्कॅनर फक्त सेन्सरनं काय अनुभवलं ते सांगतो. मिश्रण पातळ आहे असं सेन्सर म्हणाला, तर तो बहुधा खरंच बोलतोय; हवा कुठल्या फाटलेल्या नळीतून आत शिरतेय, ते शोधायचं काम माणसाचंच. साक्षीदाराला बदलून गुन्हा सुटत नाही.

ज्या गाडीच्या धुरापासून हे सुरू झालं, ती १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्यातून निघू लागली आणि पुढं पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. अनेकांचं वय झालंय. कानानं टॅपेट ऐकणारी, प्लगच्या काजळीवरून इंजिनाची प्रकृती वाचणारी ही त्यांची विद्या क्वचितच लिहून ठेवली जाते.

घरात जुनी गाडी असेल, तर पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये ती सोडून निघून जाऊ नका. थोडा वेळ तिथं उभे राहा. मिस्त्री म्हणाला, ‘हे बदलावं लागेल,’ की त्याला आदरानं, शिकण्याच्या इच्छेनं विचारा, ‘कशावरून?’ ज्याला कारण ठाऊक आहे तो हातातलं काम बाजूला ठेवून तुम्हाला दाखवेल. त्याच्याकडेच गाडी द्या, आणि तो जे सांगेल ते लिहून ठेवा.