बुकिंग आणि डिलिव्हरी यांमधली भाववाढ

नव्या मोटारीचे बुकिंग आणि तिची डिलिव्हरी यांत काही आठवडे, मागणी जास्त असलेल्या गाडीच्या बाबतीत काही महिने जातात. या मधल्या काळात कंपनीने एक्स-शोरूम किंमत वाढवली, तर वाढीव रक्कम कोणी सोसायची? व्यवहारात याचे उत्तर बुकिंग फॉर्मच्या बारीक अक्षरांत आधीच लिहिलेले असते: डिलिव्हरीच्या दिवशी चालू असलेली किंमत लागू राहील. गिऱ्हाईक खाली सही करते आणि वाद तिथेच संपला असे शोरूमवाले धरून चालतात. मुळातला प्रश्न मात्र सहीने सुटत नाही. दिलेला शब्द आणि त्याची पूर्तता यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याची जोखीम न्यायाने कोणाकडे असावी, हा तो प्रश्न.

आधी कायदा पाहावा लागतो, कारण नीतीचा विचार त्याच्याच कडेने पुढे जातो. 1930 चा मालविक्री अधिनियम विक्री आणि विक्रीचा करार यांत भेद करतो. बुकिंग हा सहसा विक्रीचा करार असतो. मालकी अजून ग्राहकाकडे आलेली नसते. किंमत करारात ठरवता येते किंवा ती कशी ठरेल याची रीत करारात लिहून ठेवता येते, असे कलम 9 सांगते. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत’ हे शब्द या दुसऱ्या प्रकारात बसतात, म्हणून असे कलम केवळ अनिश्चिततेच्या कारणावरून सहज रद्द होत नाही. उलट फॉर्मवर किंमत स्पष्ट लिहिली असेल आणि बदलाची अट कुठेच नसेल, तर विक्रेत्याला ती एकतर्फी वाढवता येत नाही. दोघांनी केलेला करार एकट्याने बदलता येत नाही, इतके हे साधे आहे.

कराची गोष्ट वेगळी. करारानंतर कर वाढला तर विक्रेत्याने तेवढी वाढ किमतीत घालावी, घटला तर ग्राहकाने तेवढी रक्कम वजा करावी, असे याच अधिनियमाचे कलम 64अ सांगते. करारात निराळे ठरले असेल तर ते चालते. कर दोघांपैकी कोणाच्याच हातात नसतो, म्हणून ही विभागणी पटते. सप्टेंबर 2025 मध्ये तिचा दुसरा चेहरा दिसला. 22 सप्टेंबरपासून लहान मोटारींवरचा 28 टक्के जीएसटी आणि उपकर जाऊन 18 टक्के दर आला. बुकिंगच्या दिवशीची किंमतच अखेरची, असा आग्रह धरणाऱ्याने त्या दिवशी तो सोडून दिला असता यात शंका नाही. भाव चढला की जुनी किंमत आणि उतरला की नवी, अशी मागणी करणाऱ्या ग्राहकाची बाजू पहिल्या नजरेला लंगडी वाटते.

ती खरोखर लंगडी आहे का, याचा विचार भारतीय धर्मशास्त्राने फार पूर्वी केला आहे. विकलेला माल ताब्यात न देणे हे तिथे स्वतंत्र व्यवहारपद, म्हणजे खटल्याचा विषय, आहे. किंमत घेऊनही जो माल देत नाही, त्याला तो ‘उदयासह’, म्हणजे लाभासह, द्यायला लावावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. मधल्या काळात भाव उतरला असेल तर विक्रेत्याने मालाबरोबर फरकही द्यावा, असे स्मृतिकार नारदाचे म्हणणे आहे आणि विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीकाही याज्ञवल्क्याच्या वचनाचा अर्थ तसाच लावते. भाव चढला असेल तर ठरल्या किमतीत माल मिळाल्याने चढाचा फायदा आपोआप ग्राहकाकडे जातो. म्हणजे वर लंगडी वाटलेली मागणी इथे मान्य झालेली आहे, पण एका अटीवर: विलंब विक्रेत्याचा असला पाहिजे. मागूनही माल दिला नाही आणि राजाच्या किंवा दैवाच्या कोपाने तो बिघडला, तरी नुकसान विक्रेत्याचेच, असे याज्ञवल्क्य पुढे सांगतो. ज्याने अडवून धरले, त्याने सोसावे.

नारद इथे आणखी एक रेघ ओढतो, आणि आजच्या बुकिंगला तीच सर्वांत जवळची आहे. हे नियम किंमत चुकती केलेल्या मालाचे. किंमत दिलेली नसेल तर, वेगळा ठराव नसल्यास, माल न देणाऱ्या विक्रेत्याला दोष नाही. काही हजारांची बुकिंग रक्कम आणि पूर्ण भरणा यांत नैतिक अंतर आहे, हे यातून दिसते. पूर्ण पैसे भरून, कर्जाचा हप्ता सुरू होऊनही जो गाडीची वाट पाहतो त्याचा हक्क बळकट. नुसते नाव लावून ठेवणाऱ्याचा तितका नाही. कौटिल्यही सरसकट बोलत नाही. विकलेला माल न देणाऱ्याला तो बारा पण (नाणी) दंड सांगतो, मात्र मालातला दोष, राजा, चोर, आग, पाणी यांचे संकट किंवा असह्य अडचण असेल तर सूट देतो. कारखान्याला सुटे भाग मिळत नाहीत म्हणून झालेला उशीर आणि जास्त पैसे मोजणाऱ्याला गाडी आधी दिल्याने झालेला उशीर यांना एकच न्याय लावता येणार नाही.

इस्लामी धर्मशास्त्रातील सलम व्यवहार याहून काटेकोर आहे. माल नंतर मिळायचा, पण किंमत करारावेळीच पूर्ण द्यायची. मालाचे वर्णन, परिमाण आणि मुदत आधी ठरवायची. नंतर भाव कुठेही जावो, किंमत हलत नाही. अनिश्चिततेवर उभा असलेला सौदा त्या परंपरेला मुळातच नापसंत आहे.

दुसरा धागा माहितीचा. मोटार कंपन्या बऱ्याचदा डिसेंबरात जाहीर करतात की जानेवारीपासून किमती वाढतील. वाढ ठरली आहे आणि गाडी जानेवारीआधी येणार नाही, हे ठाऊक असूनही विक्रेता गप्प राहिला तर तो खोटे बोलला का? सिसेरोने ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात असाच पेच मांडला आहे. दुष्काळात ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला माहीत आहे की मागून आणखी जहाजे येत आहेत. ते त्याने सांगावे का? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे. टार्ससचा अँटिपेटर म्हणतो, जे माहीत आहे ते सांगितलेच पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. पुढे थॉमस अक्वायनसने मात्र सांगणे हा सद्गुण मानला, न्यायाचे बंधन मानले नाही. शोरूमच्या बाबतीत सिसेरोचा कौल अधिक रास्त वाटतो, कारण इथे मौनाचा लाभ घेणाऱ्यानेच बुकिंगची घाई केलेली असते.

विक्रेत्याची बाजूही पोकळ नाही. पोलादाचा भाव, रुपयाचा दर डीलरच्या हातात नसतात. किंमत कंपनी ठरवते. ग्राहकाला बुकिंग रद्द करून पैसे परत घेता येत असतील, तर किंमत गोठवण्याची मागणी एकतर्फी ठरते: भाव चढला तर तो थांबणार, उतरला तर निघून जाणार. पण रद्द करण्याचे स्वातंत्र्य कागदावर वाटते तितके मोकळे नसते. जुनी गाडी विकून टाकलेली असते, कर्ज मंजूर असते, दुसऱ्या शोरूममध्ये रांग पुन्हा शेवटून लागते. तेव्हा बदलत्या किमतीची अट तीन गोष्टी असतील तरच न्याय्य म्हणता येईल: ती तोंडी स्पष्ट सांगितलेली असावी, रद्द केल्यास कपातीविना पूर्ण परतावा मिळावा आणि सांगितलेल्या तारखेनंतरचा उशीर विक्रेत्याचा असेल तर वाढ त्याने सोसावी. यांतली एक जरी नसेल, तर सही असली तरी संमती नावापुरतीच उरते.

हा विचार कायद्यात काही अंशी उतरला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणारी, त्याच्यावर अवाजवी भार किंवा अट लादून त्याला तोट्यात ढकलणारी कलमे तिच्यात येतात. सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येते. करारच अनुचित आहे अशी तक्रार मात्र जिल्हा आयोग ऐकू शकत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते.