उत्तर आधी ठाऊक नसलेला तास

बी.एस्सी.च्या मुलाला इंग्रजीचा तास आवडू लागला, की त्याचं फिजिक्समधलं लक्ष उडालं असं आपण धरून चालतो. धाराशिव, उमरगा, परंडा इथल्या कॉलेजांत विज्ञान शाखेचा इंग्रजीचा पेपर बहुधा गाईडवर काढला जातो. तो आवडण्याचा प्रश्नच कुठे येतो? पण एखाद्या शिक्षकाने धडे बाजूला ठेवून मुलांना स्वतःचं काही लिहायला लावलं, तर विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलालाच त्यात जास्त गोडी वाटावी, असं माझं म्हणणं आहे. त्याचं कारण प्रयोगशाळेत सापडतं. साध्या लंबकाच्या प्रॅक्टिकलला गोळा हलण्याआधीच ‘जी’ची किंमत ९८०च्या आसपास यायला हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वीस आंदोलनांचा वेळ भलताच आला तर आलेख सरळ येईल अशी रीडिंगं मागाहून बसवली जातात, जर्नलवर सही होते. गणित चुकत नाही, हातही बसतो. फक्त अज्ञाताशी गाठ पडत नाही.

आता त्याच मुलाला नळदुर्गच्या पाणीमहालाबद्दल इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगा, अट एकच: ‘ब्यूटिफुल’ हा शब्द वापरायचा नाही. बोरी नदीवरचा आदिलशाही काळातला बंधारा, पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे, आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या दालनात उभं राहून समोर दिसणारा पाण्याचा पडदा. पाणी भिंतीला चिकटून न उतरता पुढे का झेपावतं? आत उभा असलेला माणूस कोरडा कसा राहतो? लिहायला बसल्याखेरीज हे प्रश्न सुचत नाहीत, आणि त्यांचं तयार उत्तर गाईडमध्ये नसतं. वाक्य लिहायचं, ते पाहिलेल्याशी ताडून बघायचं, खोटं वाटलं तर खोडायचं. जर्नलमध्ये खाडाखोड म्हणजे गबाळेपणा. इथे तेच खरं काम. पीटर मेडावार या नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात शोधनिबंधाचा साचाच फसवा असल्याची तक्रार केली होती: विचार प्रत्यक्षात जसा घडतो, तो त्यात लपवला जातो. आपल्या जर्नलला हे जरा जास्तच लागू पडतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप भाषेचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजी वाक्यच धड जुळवता येत नाही, तो सर्जनशील काय लिहिणार? मराठीतच का नको? मराठीत जरूर हवं, आधी हवं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा मराठीत लिहिल्या. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये साहित्य संमेलन झालं, त्याच्या पुढच्याच, नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, परीक्षकांवर आपल्या नावाचा दाब पडू नये म्हणून. (प्रयोगातला पूर्वग्रह टाळायची सवय कथेतही सुटली नाही!) तरी तोकड्या इंग्रजीचा एक फायदा राहतोच. मराठीत निसर्गवर्णनाची घडीव वाक्यं शाळेपासून तोंडपाठ असतात, ती आपोआप उतरतात. शंभर-दोनशे शब्दांच्या भांडवलावर लिहिणाऱ्याला मात्र काय दिसलं ते आधी ठरवावंच लागतं. व्याकरण अर्थातच चुकेल, ते दुरुस्त करता येतं.

करिअरला याचा उपयोग काय, हा प्रश्न मला फारसा अडवत नाही. पाठ केलेल्या पत्रलेखनाचाही कुठे होतो? मार्कांची अडचण मात्र खरी आहे. भरलेल्या वर्गाची असली पानं तपासायची कशी, आणि एकाला सात तर दुसऱ्याला पाच का, हे पटवायचं कसं? मार्क देऊच नयेत, असं मी म्हणेन. महिन्याला एक पान, त्यातली चार-दोन वर्गात वाचून दाखवायची, आणि ‘हे तुला खरंच दिसलं का’ एवढंच बाकीच्यांनी विचारायचं.