कोरड्या नदीचा शेजार

शास्त्रपाठ : २ राजे ३:१६-२०, मत्तय ७:२४-२७, आमोस ५:२१-२४

जुन्या करारात 'नहल' असा एक इब्री शब्द आहे. भाषांतरकाराला तो फार छळतो. खोरे म्हणजे नहल आणि त्या खोऱ्यातून पावसाळ्यात वाहणारा ओढा म्हणजेही नहलच. आपल्या मराठीला जमिनीचे नाव निराळे व पाण्याचे निराळे लागते. म्हणून एलीया करीथाजवळ लपून राहिला तेथे आपण ओहोळ म्हणतो आणि अलीशाने चर खणावयास सांगितले तेथे खोरे म्हणतो. मूळ लेखकाला हा भेद करण्याचे कारण वाटले नाही. ज्या देशात ओढा वर्षातील बहुतेक महिने कोरडा असतो, तेथील माणसाला ते एकच स्थळ होते. आज पायवाट, उद्या पाणी.

हा शब्द समजून घेण्यासाठी पॅलेस्टाईनची यात्रा करावी लागत नाही. चेन्नईची अड्यार नदी पाहिली तरी पुरे. सुमारे ४२ किलोमीटर लांबीची ही नदी शहराच्या पश्चिमेकडील तळ्यांच्या प्रदेशातून निघते आणि दक्षिण चेन्नईतून बंगालच्या उपसागराला मिळते. तेथला मुख्य पाऊस आपल्याप्रमाणे आषाढ-श्रावणात पडत नाही; तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. एरवी अड्यार म्हणजे काळसर पाण्याची एक संथ पट्टी. तिच्या काठी सैदापेट, जाफरखानपेट, कोट्टूरपुरम अशा वस्त्या आहेत. पहाटे उंबऱ्यापुढे पाणी शिंपडून कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढली जाते. रंगीत प्लास्टिकच्या घागरी नळापाशी रांगेत बसतात. गाडीवर इडलीची वाफ चढते. सैदापेटजवळच्या लहान टेकडीवर पोर्तुगीजांच्या काळापासून ख्रिस्तमंदिर आहे. प्रेषित थोमा येथे येऊन राहिला असे परंपरा सांगते. सगळे कसे शांत, नित्याचे. नदीकडे कोणी वळूनही पाहत नाही.

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री ती नदी उठली. पाऊस तर दिवसभर कोसळतच होता. परंतु घराघरांत शिरले ते पाणी केवळ त्या त्या दारातल्या पावसाचे नव्हते. वरच्या अंगाची तळी भरून वाहत होती आणि चेंबरम्बाक्कम जलाशयातून, सरकारी आकड्याप्रमाणे, सेकंदाला २९ हजार घनफूट पाणी सोडले जात होते. अलीशाच्या कथेत वारा-पाऊस दृष्टीस न पडता खोरे दुसऱ्या प्रदेशातून आलेल्या पाण्याने भरते. तेथे ती तहानलेल्या सैन्यावर झालेली देवाची कृपा होती. येथे तळमजल्यावर झोपलेल्या माणसांवर आलेला तो मृत्यू होता. खालच्या काठाचे जीवन वरच्या काठाच्या हाती असते, एवढे मात्र दोन्हीकडे सारखेच. २०१८ साली विधानसभेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले.

अशा वेळी आपल्या मंडळ्यांत वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचा दाखला हमखास निघतो. उन्हाळ्यातल्या नहलाची वाळू सपाट, मऊ, बांधण्यास सोपी असते. तिने माणूस फसतो, हे खरेच. पण अड्यारकाठी मूर्ख कोणास म्हणावे? शहराच्या विमानतळाची दुसरी धावपट्टी याच नदीवर पूल बांधून पलीकडे नेली आहे. २०१५ साली तो विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला. (आपल्या मुंबईनेही मिठी नदीशी असाच व्यवहार केला आणि २६ जुलै २००५ रोजी तिचा हिशेब चुकता केला.) घरकाम वा बिगारी करणाऱ्या कुटुंबाने जागा निवडलेली नसते, जी उरली ती घेतलेली असते. शिवाय प्रभूने त्या मनुष्याचा दोष जागेपाशी ठेवलेलाच नाही. वचन ऐकून न करणारा तो मूर्ख, असे प्रभू सांगतो. २००५ सालीही चेन्नईत पूर आला होता. ऐकण्याचा प्रसंग सर्वांनाच आला होता; आणि ज्यांच्या हाती काही करणे होते त्यांची घरे बहुधा उंचावर होती.

नंतरचे दिवस आपणांस आठवत असतील. कोळी बांधवांनी आपल्या होड्या रस्त्यांवर आणल्या. मशिदी, देवळे, चर्च, शाळा यांची दारे उघडली आणि कोणाची जात वा धर्म विचारला गेला नाही. त्याबद्दल देवाची स्तुती असो. तरीही मला आमोस संदेष्ट्याजवळ थांबावे लागते. न्याय कसा वाहावा हे सांगताना त्याने नुसता 'नहल' शब्द वापरला नाही. त्याला 'एतान' हे विशेषण जोडले. एतान म्हणजे न आटणारा, बारमाही. दयेचा लोंढा सोडून मग कोरडे पडणारे ओढे इस्राएलात पुष्कळ होते. त्यांचे उत्सव व गायन यांचा देवाला वीट आला होता.

अड्यारकाठच्या अनेक कुटुंबांना पुरानंतर हलविण्यात आले. त्यांना शहराच्या दक्षिण टोकाला, पेरुंबाक्कमच्या बहुमजली इमारतींत घरे मिळाली. तो भागही पळ्ळिकरणै पाणथळीच्या शेजारचाच. घर पक्के मिळाले. पण कामाची जागा, मुलांची शाळा, उधारीवर तांदूळ देणारा दुकानदार मागे राहिले. ज्या घरांत त्या स्त्रिया भांडी घासत, ती घरे आता कित्येक किलोमीटर दूर आहेत. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात तेच चेंबरम्बाक्कम आटले, आणि लातूरला मिरजेहून २०१६ साली गेले तसे चेन्नईला जोलारपेट्टैहून पाणी आगगाडीने आणावे लागले. करीथ ओहोळही असाच आटला होता. आणि देवाने एलीयाला पाठविले ते सारफथ येथील एका गरीब विधवेच्या घरी.

याच अड्यारवर १७२६ साली पेट्रुस उस्कान नावाच्या आर्मेनियन ख्रिस्ती व्यापाऱ्याने, थोमाच्या डोंगराकडे जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून, स्वतःच्या पैशाने पूल बांधला. आज त्या जागी दुसरा पूल आहे. उस्कानने पुलाबरोबर त्याच्या देखभालीसाठीही पैसा ठेवला होता. बांधणाऱ्यांची नावे पुष्कळ मिळतात. देखभालीचा पैसा ठेवणारे शोधावे लागतात.

वाचकहो, आपल्या गावच्या ओढ्याला आज पाणी नसेल. त्याच्या काठी कोण राहते, त्यांतील चार जणांची नावे तरी आपल्या मंडळीत कोणास ठाऊक आहेत का, हे येत्या रविवारी उपासनेनंतर एकमेकांस विचारून पाहा. आणि वरच्या धरणाचे दार उघडण्यापूर्वी त्यांना निरोप कोण देतो, हेही.